भुताला कोणती भाषा येते?

आमच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी एक हस्तलिखित निघते. मराठी माध्यमाच्या तुकड्या दरवर्षी थोड्या थोड्या रोडावत चालल्या असल्या तरी हस्तलिखिताची पाने काही कमी झालेली नाहीत. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने त्यासाठी भुताची गोष्ट दिली. गोष्टीत कौलारू वाडा होता, माडांची बाग होती, मागे समुद्राची गाज होती, चार दिवस न थांबणारा पाऊस होता आणि विहिरीच्या काठावर केस मोकळे सोडून बसलेली बाई होती. मुलगी भालकी तालुक्यातल्या एका खेड्यातली. समुद्र तिने पाहिलेला नाही. चार दिवस सलग पाऊस पडला तर तिच्या गावात लोक भुतापेक्षा जास्त आनंदाने घाबरतील.

मी तिला विचारले, "बाळ, हे सगळं कोकणात कशाला घडवलंस?" ती म्हणाली, "भुताच्या गोष्टी तिकडंच घडतेत की सर." आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग भुताची गोष्ट लिहायची म्हणलं तर कोणतं पुस्तक वाचू?"

मुख्याध्यापकाला पुस्तकांची यादी विचारली की तो ती तत्काळ देतो. न दिली तर त्याला अभ्यास नाही असे वाटायचे. मीही कपाटातून नारायण धारपांची तीन पुस्तके काढून तिच्या हातात ठेवली. पंधरा दिवसांनी दुसरी गोष्ट आली. या वेळी समुद्र गेला होता, पण पुण्यातल्या पेठेतले भाड्याचे घर आले होते आणि शेवटी एक वृद्ध, तेजस्वी गृहस्थ येऊन मंत्र म्हणून सगळे निस्तरून गेले होते. चूक मुलीची नव्हती, यादीची होती. तेव्हा निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेला हा मास्तर पुन्हा वाचायला बसला. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

धारपांना मी कमी लेखणार नाही. १९२५ ते २००८ या आयुष्यात त्यांनी मराठी वाचकाला भीतीची जी सवय लावली, तशी दुसऱ्या कोणी लावली नाही. त्यांचे खरे बळ भुतात नाही, कारकुनी वाटावी अशा शांत निवेदनात आहे. जागा भाड्याने घेतली, सामान लावले, शेजारी ओळखीचे झाले, आणि मग एक खोली जरा जास्त थंड वाटू लागली. एवढ्यावर ते आपल्याला धरून ठेवतात. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या दृष्टीने त्यांच्यात एक उणीव आहे. संकट कोणावरही येवो, सोडवणारा बहुतेक वेळा वडीलधारा असतो. 'समर्थ' आले की पोरांनी बाजूला व्हायचे. हे आमच्या शाळेत रोज चालतेच. गोष्टीतही तेच का?

याला अपवाद वाटावी अशी त्यांची एक कथा आहे, 'आजी'. तिचे मूळ स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या १९८४ च्या कथेत शोधले जाते. तिथे अकरा वर्षांचा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ घरात एकटा राहतो, एवढाच सगळा प्रसंग. २०१८ मध्ये आलेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेचा धागा आहे हे आता सर्वश्रुत आहे, आणि त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आले आहे. अमेरिकेतली आजी पुण्यात आली, पुण्याहून कोकणात गेली आणि तिथून हिंदी बोलू लागली. उसनवारीला नाके मुरडणाऱ्यांनी हा प्रवास नीट पाहावा. प्रत्येक मुक्कामाला कपडे बदलले, पण आतली गोष्ट तीच राहिली: मोठी माणसे बाहेर गेली आहेत, घरात आजारी म्हातारे माणूस आहे, आणि जबाबदारी पोरावर आहे. हा प्रसंग आमच्या सीमाभागातल्या किती घरांत रोज घडतो! आईबाप हंगामात ऊसतोडीला किंवा हैदराबाद-पुण्याला बांधकामावर, आणि घरी आजी व नातवंडे. याला माडाची बाग लागत नाही.

रत्नाकर मतकरींनी गूढकथा माणसाच्या मनात नेली, हा त्यांचा मोठा गुण. 'गहिरे पाणी' आणि 'खेकडा' हे संग्रह थोड्या मोठ्या मुलांच्या हाती जरूर द्यावेत. गंमत अशी की याच मतकरींनी लहानांसाठी 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण रंगमंचावर आणली, आणि तिला पाहून पोरे घाबरतात कमी, हसतात जास्त. म्हणजे दहा वर्षांच्या मुलासाठी हसवणारी चेटकीण आहे, पंचवीस वर्षांच्या माणसासाठी मनातला अंधार आहे; मधल्या पंधरा वर्षांच्या पोरांसाठी मराठीने भुतांची सोय फारशी केलेली नाही. त्या रिकाम्या जागेत 'हॅरी पॉटर आणि परीस' येऊन बसला, याचे आश्चर्य कशाला करायचे?

जी. ए. कुलकर्णी आपल्या जवळचे. आयुष्याचा मोठा काळ धारवाडात, कानडी मुलखात राहून त्यांनी मराठी लिहिले. 'काजळमाया' मी एकदा दहावीच्या हुशार मुलाला वाचायला दिले, आणि पुढचे सहा महिने त्याच्या निबंधात 'माझी सहल'सुद्धा नियतीच्या पायरीवर बसून होती. तेव्हा जी. ए. वाचावेत, पण लिहायला बसण्याच्या आदल्या रात्री नव्हे.

आता जरा दूरचे उदाहरण घेतो, कारण प्रश्न 'काय वाचू' हाच आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी पाऊस थांबेना म्हणून काही तरुण मंडळी घरात बसून भुताच्या गोष्टी वाचत होती. पुस्तक मुळात जर्मन, हाती फ्रेंच भाषांतर, आणि वाचणारे इंग्रज. बायरनने सुचवले, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहू या. त्यात मेरी नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. तिने लिहिलेली 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ मध्ये छापून आली. तिच्या कादंबरीत त्या पुस्तकातले भूत नाही. प्रेताला विजेने हालचाल येते का, ही त्या काळची चर्चा तिने ऐकली होती. आणि वर्षभरापूर्वी तिचे काही दिवसांचे मूल गेले होते. परक्या भाषेतल्या पुस्तकाने तिला बसायला पाट दिला. ताटात वाढले ते तिच्या घरातले.

आपल्याकडचा पाट कोणता? मला तो पैठणला सापडला. 'कथासरित्सागर' हा अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेला ग्रंथ, पण त्यातली मूळ कथा सातवाहनांच्या दरबारातली आहे. गुणाढ्य हा पंडित एक पैज हरला आणि त्यापायी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा त्याला सोडाव्या लागल्या. मग अरण्यात जाऊन तो चौथी भाषा शिकला, पिशाचांची. तिच्यात त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने भुतांची भाषा म्हणून ती झिडकारली. तेव्हा गुणाढ्य जंगलात अग्नी पेटवून एकेक पान वाचू लागला आणि वाचून झाले की आगीत टाकू लागला. हरणे, डुकरे चरायचे विसरून ऐकत उभी राहिली. राजाच्या ताटात वाळके मांस येऊ लागले, तेव्हा कुठे त्याने चौकशी केली. राजा पोचेपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते.

घरी मराठी, दुकानात कानडी, बसमध्ये दखनी आणि मोबाइलवर इंग्रजी अशा चार भाषांत वावरणाऱ्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. अमुक भाषेत बोललास तर मोजणार नाही, हे त्यांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. याच ग्रंथातल्या वेताळाच्या पंचवीस गोष्टीही पाहाव्यात. वेताळ मान मुरगाळत नाही, प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोके फुटेल. बोललास तर मी पुन्हा झाडावर. तोंडी परीक्षेची इतकी अचूक भीती मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आणि ज्याच्यासाठी मी खरे तर हा लेख लिहायला घेतला, ते पुस्तक आमच्या बीदरचेच निघाले. अहमदशाह वली बहमनीच्या सुमारास, म्हणजे पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, निजामी नावाच्या कवीने 'कदमराव पदमराव' ही मसनवी रचली. उपलब्ध दखनी मसनव्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. तिचे एकच हस्तलिखित उरले. जमील जालिबींनी ते संपादून १९७३ मध्ये कराचीत प्रसिद्ध केले. फारसी शब्द कमी, देशी शब्द भरपूर, आणि तरीही वाचायला अवघड. पण गोष्ट कळली तरी पुरे. कदमराव हा राजा. पदमराव हा त्याचा प्रधान, आणि तो आहे नाग. एका जोग्याकडून राजा परकायाप्रवेशाची विद्या शिकतो. राजाचा जीव पोपटात जातो, आणि जोगी राजाच्या देहात शिरून गादीवर बसतो. पोपट झालेला राजा आपण राजा आहोत हे कोणाला पटवणार? शेवटी कामी येतो तो नागच.

पंधरा वर्षांच्या मुलाची गोष्ट यापेक्षा वेगळी काय असते? आवाज फुटतो, अंग वाढते, आरशात दुसराच कोणी उभा असतो, आणि घरातले म्हणतात, हा आमचा पहिल्यासारखा राहिला नाही. परकायाप्रवेश मराठीला नवा नाही. महानुभाव परंपरेत चक्रधरांच्या चरित्राचा आरंभच त्याने होतो. तिथे ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिचा मान वेगळा. बीदरच्या कवीने मात्र त्यातली भीती उचलली: आत मीच आहे, पण कोणी ओळखत नाही. अष्टूरला सहल नेतो तेव्हा हुमायूनशाह 'जालिम'ची वीज पडून फाटलेली कबर पाहताना पोरे दरवर्षी विचारतात, "सर, इथं भूत आहे का?" आता मी म्हणतो, भुताचे ठाऊक नाही, पण याच गावात एक राजा पोपट झाला होता. नरसिंह झरणीच्या गुहेत छातीभर पाण्यातून, डोक्यावर वटवाघळे घेऊन चालत गेलेल्या मुलांना वाड्यातली विहीर उसनी आणावी लागू नये.

कानडी बाजूने एकच पुस्तक सांगतो, कारण तेवढे एक चांगले वाचले तर पुष्कळ आहे. गिरीश कर्नाडांचे 'नागमंडल' (१९८८). त्याच्या मुळाशी ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या कानडी लोककथा आहेत. गावातले दिवे मालवले की त्यांच्या ज्योती रात्री देवळात जमून दिवसभराच्या घरोघरच्या गोष्टी एकमेकींना सांगतात. एका बाईने आपल्या जवळची गोष्ट कोणालाच सांगितली नाही, म्हणून ती गोष्टच बाहेर पडून तिच्यावर उलटते. न सांगितलेली गोष्ट हेच भूत, ही कल्पना मला साऱ्या हडळी-मुंजांपेक्षा जास्त झोप उडवणारी वाटते.

हे सगळे मी त्या मुलीला तुकड्यातुकड्यांनी सांगितले, कधी मधल्या सुट्टीत, कधी ऑफ तासाला. तिसरी गोष्ट आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. नव्वदीच्या दशकात कर्नाटकात एक आवई उठली होती, ती पन्नाशीच्या वाचकांना आठवत असेल. रात्री एक बाई दार वाजवते, आणि घरच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन हाक मारते. म्हणून लोकांनी दारावर कानडीत लिहिले, 'नाळे बा', उद्या ये. भूत वाचते, परत जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचते. २०१८ च्या 'स्त्री' या चित्रपटाने ही युक्ती हिंदीत नेली. मुलीने ती आपल्या गल्लीत आणली. तिच्या गोष्टीत घरात आजी आणि नात दोघीच. दारावरची अक्षरे नातीने लिहिलेली, कारण घरात कानडी लिहिता येणारी तीच. आजीला कानडी वाचता येत नाही, मराठीतही अंगठाच. एका रात्री पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या आवाजात मराठीतून हाक येते, "आई, दार उघड." नात जागी असते. बाहेरचे भूत असेल तर ते दारावरचे वाचून जाईल. बाप असेल तर त्यालाही कानडी येत नाही, तो हाक मारतच राहील. हाका थांबत नाहीत. आजी कडीला हात घालते. गोष्ट तिथे संपते.

मी ती वाचली आणि सवयीने लाल पेन काढले. पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिले होते, 'गल्लीत देव्वा फिरतो म्हणत होते.' मी 'देव्वा' खोडून वर 'भूत' लिहिले, आणि समासात 'शुद्ध मराठी शब्द वापरावा' असा शेरा मारला. कानडीतले 'देव्वा' म्हणजे भूत, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; लहानपणी याच शब्दाने मला झोपवले जाई. बत्तीस वर्षांच्या नोकरीत हात त्या शब्दावर आपोआप जातो. वही परत नेताना ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "सर, भूत लिहिलं तर आज्जी घाबरत नाही. ती देव्वाला घाबरते."

मी वही मागून घेतली आणि माझी दुरुस्ती खोडली. पानावर आता खाडाखोड पुष्कळ आहे. हस्तलिखितात गोष्ट गेली. आमच्या कानडीच्या सरांचे अक्षर फार सुरेख. मराठी पानाच्या मधोमध 'नाळे बा' एवढी तीन अक्षरे त्यांच्याकडून कानडी लिपीत काढून घेतली. परवा ती पुन्हा आली होती. विचारत होती, कदमरावाचा पोपट मराठी बोलायचा की दखनी?