दलित स्वकथने आणि गिळलेला आवंढा

दलित स्वकथनांवर लिहिताना प्रस्थापित समीक्षेला एक शब्द फार आवडतो : संयम. एवढे भोगूनही लेखकाचा तोल ढळलेला नाही, कोठेही आक्रस्ताळेपणा नाही, अशा शब्दांत त्याची पाठ थोपटली जाते. ज्याने आवाज चढवला तो मात्र प्रचारकी ठरतो. हा संयम लेखकाने कोठून आणला, त्यासाठी त्याने आणि त्याच्या घरच्यांनी काय मोजले, हे कोणी विचारीत नाही. माझ्या मते हा प्रश्न जितका साहित्याचा आहे, तितकाच चळवळीचा आहे.

संयम आपल्याला वर्ज्य नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्यावर परतणाऱ्या आपल्या माणसांवर जमाव चालून आला. जमलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले लोकही होते. उलट हात उगारू नका, असे बाबासाहेबांनी सांगितले आणि लोकांनी ते पाळले. त्याच वर्षी, त्याच महाडात, 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मार्चमध्ये ज्यांनी हात आवरला, त्याच चळवळीने डिसेंबरमध्ये आपला संताप चारचौघांत, दिवसाउजेडी मांडला. हा संयम सर्वांनी मिळून पत्करलेला होता. तो कशासाठी आणि कोठवर, हे पाळणाऱ्याला ठाऊक होते.

दुसरा एक संयम आहे. तो सभेत ठरत नाही, घरात शिकवला जातो. चारचौघांत आवाज चढवू नको. कोणी काही बोलले तर ऐकून घे. डोळ्यांत पाणी आणू नको, शिकून मोठा हो. वस्तीतून शाळेत आणि शाळेतून कचेरीत गेलेल्या आपल्या पिढ्यांना ही शिकवण तोंडपाठ आहे. तिला मी दोष देत नाही, कारण तिने पोरे जगवली, शिकवली. पण ही शिकवण कोठे थांबवायची, हे कोणी सांगितले नाही. साहेबापुढे गिळलेला आवंढा बायकोपुढे, पोरांपुढेही गिळला जाऊ लागला. कचेरीत गप्प बसणारा माणूस घरी एक तर दगड होतो, नाहीतर भलत्याच कारणावरून भडकतो. दोन्हींची झळ घरच्यांनाच बसते.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहातील त्याच नावाच्या कथेत हीच किंमत मांडली आहे. वाचकांच्या लक्षात राहते ती शेवटची मारहाण. मला तिच्याआधीचे दिवस जास्त भयंकर वाटतात. रेल्वेत नोकरीला लागलेल्या या तरुणाला सोबत्यांचा स्नेह मिळतो, मान मिळतो. पण तो आपल्या खऱ्या नावाला मिळालेला नाही, हे त्याला क्षणभरही विसरता येत नाही. प्रत्येक शब्द जोखून बोलावा लागतो. ज्याला काही सांगता येत नाही, त्याला मिळालेले प्रेमही घेता येत नाही. शेजारी काशीनाथ आहे. तो जात लपवीत नाही, उघड भांडतो. बागुलांनी हे दोघे समोरासमोर उभे केले आणि निवाडा आपल्यावर सोडला.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. समीक्षकांनी याला निवेदनाचे तंत्र म्हटले. मला तो तंत्रापेक्षा जगण्याचाच भाग वाटतो. पांढरपेशा जगात वावरायला शिकलेला एक आणि महारवाड्यात, कावाखान्यात राहून गेलेला दुसरा, अशी एकाच माणसाची दोन माणसे झाली आहेत. एकाने दुसऱ्याला समोर बसवल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि ते उघडल्यावर आपल्यातल्याच काहींनी विचारले, आपली अब्रू चव्हाट्यावर का मांडलीस? म्हणजे गप्प बसण्याचा हुकूम केवळ सवर्णांकडून येत नाही. तो आपल्या ओट्यावरूनही येतो.

कुमुद पावडे यांनी आपल्या पुस्तकाला ‘अंत:स्फोट’ (1981) हे नाव दिले, यावर पुरेसा विचार झालेला नाही. संस्कृत शिकलेल्या या बाईला सोमकुवर या आडनावावर नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर पावडे या आडनावावर मिळाली. बाहेर अभिनंदन आणि आत हा हिशेब. स्फोट आत होतो तेव्हा बाहेर आवाज येत नाही, पण पडझड व्हायची ती होतेच.

या सर्वांत मला अधिक अस्वस्थ करतात त्या बेबीताई कांबळे. फलटणला दुकान सांभाळताना त्या लिहीत राहिल्या आणि ते लिखाण सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. ‘स्त्री’ मासिकातून 1982 मध्ये ते प्रसिद्ध होऊ लागले. ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक 1986 चे. सुनांवर होणारा सासरचा छळ, नाक कापण्यापर्यंत गेलेला नवऱ्यांचा संशय, हे सारे त्यांनी निर्भयपणे लिहिले. पण स्वतःच्या नवऱ्याने केलेली मारहाण त्या पुस्तकात नाही. ती आली माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला (2008) जोडलेल्या मुलाखतीत. सगळ्याच बायकांचे तेच होते, मग आपले वेगळे काय सांगायचे, असा तिथे त्यांचा सूर आहे. मी याला उणीव म्हणणार नाही. पण संयम किती खोल रुजतो ते यावरून कळते. अख्ख्या समाजाचे दुःख मांडणाऱ्या बाईला आपले स्वतःचे दुःख सांगण्याजोगे वाटेनासे होते.

मग मोकळेपणा येतो कोठून? तो उपजत स्वभाव असतो, असे मला वाटत नाही. उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (2003) वाचा. शिकणाऱ्या, लिहिणाऱ्या बायकोबद्दलची नवऱ्याची नाराजी आणि मुलाच्या मृत्यूचा घाव त्या आडपडदा न ठेवता सांगतात. याच उर्मिला पवारांनी मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) सिद्ध केले होते. आधी दुसऱ्यांचे ऐकले, मग स्वतःचे सांगितले. हा क्रम मला केवळ योगायोग वाटत नाही. ऐकणारा कोणी आहे, याची खात्री पटल्याशिवाय माणूस बोलत नाही. बलुत्यातल्या दगडूलाही दया पवार लागतो.

कार्यकर्ते यावर म्हणतील, रडगाणे गाऊन चळवळ चालत नाही. शत्रूच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? त्यांना मी बाबासाहेबांकडेच पाठवीन. 1917 मध्ये बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे त्यांनी तो प्रसंग लिहून काढला आणि तो आठवला की आपले डोळे भरून येतात, हेही लिहिले. त्या वाक्याने त्यांचा लढा दुबळा झाला काय? अश्रू कबूल करणारा माणूस आणि चवदार तळ्यावर लोकांचे हात आवरणारा नेता एकच होता.

आपण स्वीकारलेल्या धम्मातही शिस्त आणि मोकळेपणा यांचे वैर नाही. वर्षावास संपताना भिक्षू पवारणा करतात. माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा, असे प्रत्येकाने संघापुढे म्हणायचे असते. बोलू देणे आणि ऐकून घेणे हा तिथे शिस्तीचाच भाग आहे.

म्हणून समीक्षकांना माझे सांगणे आहे की, एखाद्या स्वकथनातील संयमाचे कौतुक करण्यापूर्वी त्यात काय सांगितलेले नाही तेही शोधा. आणि आपल्या अभ्यासवर्गांसाठी एक सूचना आहे. तिथे पुस्तकांवर चर्चा होते, ठराव होतात. पण गेला महिना कसा गेला, घरात काय चालले आहे, हे एखाद्या कार्यकर्त्याला विचारले जात नाही. वर्गाचा थोडा वेळ त्यासाठी काढून ठेवावा. बोलणाऱ्याला मधेच उपदेश करू नये. पहिल्या दोन-चार बैठकांत कदाचित कोणी तोंड उघडणार नाही. तरीही तो वेळ रद्द करू नये.