ईमेल-पत्रिका आणि वाचकाचे लक्ष

देवस्थाने आणि ज्ञातिसंस्था यांच्या छापील पत्रकांची जागा अलीकडे पुष्कळ ठिकाणी ईमेल-पत्रिकेने घेतली आहे. छपाई वाचली, टपालखर्च वाचला. पण म्हणून पत्रिकाही वाचली गेली, असे मात्र म्हणवत नाही. ज्या कुटुंबांची मुले-नातवंडे मेलबर्नला वा न्यू जर्सीला स्थायिक झाली, त्यांच्या बाबतीत देवळाशी उरलेला नियमित धागा कित्येकदा हे पत्रच असते. तेव्हा ते वाचले जाते की नाही, हा प्रश्न निव्वळ सजावटीचा नव्हे.

आमच्या पाहण्यात येणाऱ्या अशा पत्रिकांचा साचा बहुधा एकच असतो. आरंभी देवतेचे भव्य छायाचित्र, मग अध्यक्षांचे मनोगत, त्यामागून सत्कारसमारंभांची चित्रमाला, आणि अखेरीस, वाचक तेथवर पोहोचलाच तर, उत्सवाची तिथी व वेळ. पुष्कळदा सारा मजकूर चित्रातच गोठवलेला असतो. चित्र उतरले नाही की पत्र कोरे. आणि पडद्यावरील अक्षरे यंत्राकडून वाचवून घेणाऱ्या अंध भक्ताला तर ते नेहमीच कोरे. शिवाय मजकूर व त्याच्या मांडणीची संहिता मिळून सुमारे १०२ किलोबाइटांच्या पुढे गेली, की जीमेल उरलेला भाग झाकून ठेवतो. म्हणजे तळाशी घातलेली तिथीच नेमकी दृष्टीआड होते.

देणगीदारांचा मान राखावा लागतो, असे यावर व्यवस्थापक म्हणतील. तो अवश्य राखावा. पण त्यासाठी वार्षिक अहवाल आहे. वकिली व्यवसायात नोटिशीची कसोटी साधी असते: कोणी, कोणास, कशाबद्दल आणि केव्हापर्यंत, हे वाचणाऱ्यास निःसंदिग्ध कळले पाहिजे. बडोद्यात कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो. अशा प्रसंगीच्या पत्राच्या विषयओळीत ‘कार्तिक मासाची पत्रिका’ असे लिहिणे आणि ‘वरघोडा केव्हा व कोणत्या वाटेने’ असे लिहिणे, यांत पहिले पाठवणाऱ्याच्या सोयीचे, दुसरे वाचकाच्या.

परंतु नोटिशीची वाट कोणी पाहत नाही. वाट पाहायला लावणाऱ्या पत्राचे उदाहरण मराठीत आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते लोखंडी नांगर करणाऱ्या एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून. पुढे ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्रातील अग्रगण्य मासिक झाले; १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. नांगराची जाहिरात म्हणून जन्मलेले पत्र घरोघर गेले, कारण आपणांस काय विकायचे आहे यापेक्षा वाचकास काय हवे आहे, याचा विचार संपादकाने आधी केला. देवळापाशी तर सांगण्यासारखे भांडार असते: अमुक उत्सवाला अमुकच नैवेद्य का, पालखीचा मान कोणाकडे कसा आला, आरतीतील एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ काय. एका पत्रात असा एकच विषय, दोनशे शब्दांत, लिहिणाऱ्याच्या नावासह आला, तर पुढच्या पत्राची आठवण वाचकच काढील.

‘इतक्या जणांनी पत्रिका उघडली’ या आकड्यावर समित्या संतुष्ट असतात. तो आकडा फसवा आहे. २०२१ पासून ॲपलच्या टपालव्यवस्थेत गोपनीयतेची सोय चालू ठेवलेली असली, तर पत्रातील चित्रे आपोआप आधीच उतरवली जातात आणि न वाचलेले पत्रही उघडले म्हणून मोजले जाते. एका आजीचे दोन ओळींचे उत्तर आले, तर ते अशा शंभर उघडण्यांहून अधिक मोलाचे समजावे.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. अभिषेकाच्या पावतीसाठी दिलेला पत्ता देणगीच्या आवाहनांसाठी वापरणे, ही त्या भक्ताच्या संमतीची पायमल्ली होय. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे असावे, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या अधिनियमात घातले आहे. पत्रिकेतून नाव कमी करण्याची सोय बारीक अक्षरांत लपवणारे चालक वाचक टिकवत नाहीत, केवळ पत्ते टिकवतात. दार उघडे असूनही जो थांबतो, तोच वाचक. आणि त्याच्यासाठीच पुढचे पत्र लिहावयाचे असते.