यमूचं सुख

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचा विषय निघाला की बोलणं दोन वाक्यांत केशवपनापाशी येऊन थांबतं. यमू विधवा होते, तिचं जबरदस्तीने केशवपन होतं, आणि ‘काय काळ होता तो!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. कादंबरी न वाचलेल्यालाही एवढं माहीत असतं. पण ही झाली नुसती बातमी.

अलीकडे ती पुन्हा वाचली, रोज थोडी थोडी. या वेळी मला धरून ठेवलं ते यमूच्या दुःखाने नव्हे, तिच्या सुखाने. यमू आणि रघुनाथ मुंबईत बिऱ्हाड करतात. वडीलधाऱ्यांच्या धाकाबाहेरचं घर, नवऱ्याशी मोकळं बोलणं, वाचन, मैत्रिणी. कथानकापुरतं पाहिलं तर हे सारं चार पानांत उरकता आलं असतं. हरिभाऊ ते उरकत नाहीत. कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः येत होती. पुस्तक निघालं १८९३ मध्ये. त्या वाचकांना यमूचा संसार एका बैठकीत संपवता येत नव्हता. तो त्यांच्या आठवड्यांत मिसळत होता. म्हणूनच पुढे तो मोडतो तेव्हा एका प्रथेचा बळी दिसत नाही, ओळखीचं घर उद्ध्वस्त झालेलं दिसतं.

कादंबरीत दोष आहेतच. शंकरमामंजी इतके काळेकुट्ट रंगवलेत की त्यांच्याविषयी कुतूहल उरत नाही. काही ठिकाणी यमूच्या तोंडून लेखकच बोलतो. पण जिथे यमूला आपल्याभोवती काय चाललंय ते पुरतं कळत नसतं आणि ती फक्त पाहिलेलं सांगत जाते, तिथे हरिभाऊंमधला सुधारक गप्प बसतो आणि कादंबरीकार जागा होतो.

कादंबरी प्रसिद्ध होत होती त्याच काळात, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलींसाठीची मर्यादा दहावरून बारा वर्षं झाली आणि त्यावरून महाराष्ट्रात रणं माजली. त्या वादात मुली हा चर्चेचा विषय होत्या; इथे एक मुलगी स्वतः बोलते आहे. तिला आवाज देणारा पुरुष आहे, हेही विसरता येत नाही. व्याकरणाला धरूनच असला, तरी शीर्षकातला तो पुल्लिंगी ‘घेतो’ मला म्हणूनच टोचतो.

अभिजात पुस्तकं इतिहासाच्या हवाली करणं सोयीचं असतं. केशवपन गेलं, म्हणजे कादंबरीचं कामही संपलं, असं मानता येतं. पण एका बाईचं साधं, स्वतःचं सुख इतरांच्या मर्जीवर का टिकून असावं, हा प्रश्न जुना झालेला नाही. तो कादंबरीच्या सारांशात सापडत नाही. त्यासाठी मुंबईच्या त्या बिऱ्हाडात यमूसोबत थोडे दिवस राहावं लागतं.