नाखूश मित्राची तलवार

निवृत्त ब्रिटिश सेनानी सर जॉन हॅकेट यांनी सहकाऱ्यांसह १९७८ साली लिहिलेल्या 'द थर्ड वर्ल्ड वॉर : ऑगस्ट १९८५' या कादंबरीत युरोपातील महायुद्ध कल्पिले आहे. फ्रान्स १९६६ साली नाटोच्या संयुक्त लष्करी व्यवस्थेतून बाहेर पडला होता. तह मात्र त्याने मोडला नव्हता. कादंबरीतला फ्रान्स संकटसमयी सैन्यासह मित्रांच्या बाजूने उभा राहतो. हा विश्वास आम्हांस भावतो. तथापि सैन्याच्या हालचालींना मिळालेली पाने त्या निर्णयामागील घालमेलीला मिळत नाहीत. १९४९ च्या तहाचे पाचवे कलम साहाय्य मागते, पण त्याचे स्वरूप प्रत्येक राष्ट्राच्या विवेकावर सोपविते. जिथे बर्मिंगहॅम आणि मिन्स्क अण्वस्त्रांनी भस्म होतात, तिथे हा विवेकच खरा कथानायक ठरावयास हवा होता, असे आम्हांस वाटते.