घरच्या पडद्यावरचं रान

समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो’ हा २०१४ चा चित्रपट मी पुन्हा पाहिला तो भामरागड तालुक्यातल्या एका घरात, मोबाइलचं नेट टीव्हीला जोडून. पडद्यावर हेमलकसाची गोष्ट चालू होती आणि खिडकीबाहेरही रानच होतं. बाहेर सागाचं एकेक पान वेगळं हलत होतं. पडद्यावरची झाडं मात्र एकमेकांत कालवून हिरवा लगदा झाली होती.

याचं कारण साधं आहे. नेटवरून चित्रपट येतो तेव्हा प्रत्येक फ्रेम पूर्ण येत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं, बहुतेक तेवढंच येतं. खोलीत दोन माणसं बोलत बसली असतील तर बदल थोडा. वाऱ्यावरच्या रानात मात्र क्षणाक्षणाला सगळंच बदलतं. नेट अपुरं पडलं की आधी पानं जातात, मग पाऊस, मग अंधारातल्या छटा. म्हणजे पाठवायला सगळ्यात अवघड दृश्य आमचं, आणि एटापल्ली-सिरोंच्याकडे नेटही सगळ्यात अशक्त. टीव्हीच्या खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असल्यानं यात काहीही फरक पडत नाही.

आम्ही वाईट चित्रावर वाढलेली माणसं आहोत, हेही खरं. भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणून अंगणात रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहिले. मग व्हीसीडी आली. तिचं चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका चित्रपटाला दोन-तीन तबकड्या. दूरदर्शनवर तर चित्रपट पळतच असे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि आपलं प्रसारण २५ चं, त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपायचा आणि आवाज किंचित चढायचा. पण त्या काळी चित्र कमी पडलं तरी त्यात कोणी पदरचं घालत नव्हतं.

आता टीव्ही पदरचं घालतो. २४ फ्रेमच्या मधल्या जागा तो स्वतः कल्पनेनं काढलेल्या फ्रेमनी भरतो. या सोयीला कुणी ‘ट्रूमोशन’ म्हणतं, कुणी ‘मोशनफ्लो’. क्रिकेटला ती चालते. चित्रपटाला ती मारक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट आठवा : जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्यावर येतो. अशा वेगवान वस्तूच्या कडा या यंत्रणेला नीट सापडत नाहीत. भोवती पाण्यासारखी थरथर दिसू लागते. तो दगड लागायलाच हवा, आणि गुळगुळीत झालेला दगड लागत नाही. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं प्रेक्षकांना ही सोय बंद करण्याची विनंती केली होती. पुढे अनेक टीव्हींत ‘फिल्ममेकर मोड’ आला. तो असेल तर तोच लावा. नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करा आणि दुकानातला झगझगीत ‘व्हिविड’ही काढा.

मात्र २४ हा आकडा सगळ्याच कलांना लागू नाही. पीटर जॅक्सनचा ‘द हॉबिट’ २०१२ मध्ये ४८ फ्रेमनं आला तेव्हा अनेकांना तो सिनेमापेक्षा नाटकाच्या चित्रीकरणासारखा वाटला. नेमकं तेच आमच्या झाडीपट्टीच्या कामाचं आहे. दिवाळीनंतर मंडईचा हंगाम लागला की वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही पट्ट्यात नाटकं रात्रभर रंगतात, आणि त्यांची चित्रीकरणं यूट्यूबवर हौसेनं पाहिली जातात. नाटकात नट समोर जिवंत उभा असल्याचा भास हवा. तिथे ५० फ्रेम शोभतात. पण बहुतेक चित्रीकरण ३० फ्रेमचं असतं, आणि पडद्यावर काळे पट्टे सरकत राहतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मंडपातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ३० चा त्याच्याशी मेळ बसत नाही. २५ आणि ५० चा बसतो.

मंडपात कॅमेरा लावणाऱ्या पोरांनो, यंदा पहिल्या अंकाआधी एवढं करा : फ्रेम ५०, शटर एक शतांश सेकंद.