एमी लेस्ली : तळटिपेत अडकलेली नाट्यसमीक्षक

अमेरिकन नाट्यसमीक्षेच्या इतिहासात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांचा विचार प्रायः न्यूयॉर्कला केंद्रस्थानी ठेवून केला जातो. 'ट्रिब्यून'मधून 1865 ते 1909 अशी प्रदीर्घ काळ समीक्षा लिहिणारा विल्यम विंटर, त्याचा नीतिवादी दृष्टिकोन आणि इब्सेनच्या नाटकांना त्याने केलेला विरोध यांची चर्चा बहुतेक ग्रंथांत आढळते. शिकागोसारख्या शहरात त्याच काळात एका स्त्रीने एकाच वृत्तपत्रातून चाळीस वर्षे नाट्यसमीक्षा लिहिली, या वस्तुस्थितीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष अभावानेच गेले आहे. 'शिकागो डेली न्यूज'ची समीक्षक एमी लेस्ली ही ती स्त्री होय. तिचे नाव वाचकांना आढळते ते मुख्यत्वे दोन पुरुषांच्या चरित्रांत : कादंबरीकार स्टीफन क्रेन आणि वन्यप्राणी पकडून आणणारा साहसवीर फ्रँक बक. यांपैकी क्रेनच्या चरित्रातील तिची उपस्थिती चुकीच्या ओळखीवर आधारलेली होती, असे आता मानण्यास सबळ कारण आहे. ही चूक कशी घडली आणि तिच्यामुळे समीक्षक म्हणून लेस्लीचे मूल्यमापन कसे मागे पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एमी लेस्ली हे तिचे मूळ नाव नव्हे. आयोवा राज्यातील वेस्ट बर्लिंग्टन येथे 1855 साली जन्मलेली लिली वेस्ट ही प्रथम गायिका-अभिनेत्री होती. ऑद्रानच्या 'ला मास्कॉट' आणि सुपेच्या 'फाटिनिट्झा' या हलक्याफुलक्या संगीतिकांतील तिच्या भूमिका नावाजल्या गेल्या. तिचा पती हॅरी ब्राऊन हाही संगीतिकांतील लोकप्रिय गायक-नट होता. 1889 साली त्यांचा लहान मुलगा मरण पावला. या आघातानंतर तिने रंगभूमी सोडली, पतीपासूनही ती विभक्त झाली आणि आईसह शिकागोत येऊन राहिली. 1890 साली 'कॅसल्स इन द एअर' या संगीतिकेवरील तिचे परीक्षण 'डेली न्यूज'ने छापले. त्यातूनच तिला तेथे नाट्यसमीक्षकाचे काम मिळाले. वयाच्या पस्तिशीत एक व्यवसाय आणि एक नाव मागे टाकून तिने दुसरे नाव धारण केले. हे टोपणनावच पुढे तिच्या चरित्रातील घोटाळ्याचे कारण ठरावे, हा एक दैवदुर्विलास म्हटला पाहिजे.

'डेली न्यूज' हे मेल्व्हिल स्टोनने 1875 मध्ये सुरू केलेले, एका सेंटला मिळणारे वृत्तपत्र. युजीन फील्डचे 'शार्प्स अँड फ्लॅट्स' हे विनोदी सदर त्यात गाजत होते आणि फील्डला नटनट्यांच्या वार्तांचे विलक्षण आकर्षण होते. म्हणजे रंगभूमीविषयी मोकळ्या, खेळकर शैलीत लिहिण्याची वाट या वृत्तपत्रात आधीच रुळलेली होती. त्यात शिकागोचे भौगोलिक स्थानही महत्त्वाचे. रेल्वेमार्गांच्या या संगमावर दौऱ्यावरील प्रत्येक मोठी नाटक मंडळी थांबत असे, त्यामुळे तेथील समीक्षकाला तेच नट वर्षानुवर्षे, निरनिराळ्या भूमिकांत आणि उतरत्या वयातही पाहावयास मिळत. 1893 च्या जागतिक प्रदर्शनाने तर जगच त्या शहरात आणले. (मराठी वाचकाला हे प्रदर्शन विवेकानंदांच्या व्याख्यानामुळे आणि राजा रविवर्म्याच्या चित्रांना मिळालेल्या पदकांमुळे परिचित आहे.) लेस्लीने त्यावर लिहिलेले लेख त्याच वर्षी 'एमी लेस्ली ॲट द फेअर' या नावाने ग्रंथरूपात आले. प्रदर्शनाच्या आवाराबाहेर आपला खेळ मांडणाऱ्या बफेलो बिलवरही तिने लिहिले आहे. मांडणी, पोशाख, गर्दी, आवाज या सर्वांकडे ती प्रयोगाकडे पाहावे तशी पाहते. इमारतींच्या स्थापत्याची गंभीर चिकित्सा हवी असणाऱ्याने हे पुस्तक उघडू नये.

1899 मध्ये तिचे 'सम प्लेयर्स' हे नटांच्या व्यक्तिचित्रांचे पुस्तक हर्बर्ट स्टोनने प्रकाशित केले. हा हर्बर्ट म्हणजे 'डेली न्यूज'च्या संस्थापकाचाच मुलगा. लेस्लीच्या समीक्षादृष्टीचा विचार करण्यासाठी हे पुस्तक विशेष उपयुक्त आहे, कारण तिचे गुण आणि दोष त्यात एकत्रच दिसतात. तिची शैली विशेषणांनी लगडलेली आहे. एकेका वाक्यात उपमांची इतकी दाटी होते की मूळ विधान शोधावे लागते. ज्यांच्याविषयी ती लिहिते त्यांतील अनेकांशी तिचा वैयक्तिक स्नेह होता आणि तो ती लपवीत नाही. आजच्या निकषांवर हे समीक्षेचे वैगुण्य ठरेल, आणि काही अंशी ते आहेच. नाटकाच्या संहितेचा, त्यातील विचारव्यूहाचा शोध तिच्याकडून अपेक्षिणे व्यर्थ आहे.

परंतु या स्नेहाची दुसरी बाजूही आहे. विंटरसारखा समीक्षक नटाकडे प्रेक्षागृहातून, साहित्याच्या आणि नीतीच्या कसोट्या घेऊन पाहत होता. लेस्लीने रंगमंचावरून प्रेक्षागृह पाहिलेले होते. सूर उंचावर नेण्यापूर्वी गायिका श्वास कुठे साठवते, दमलेली नटी कोणत्या हालचाली गाळते, दौऱ्यातील शंभराव्या प्रयोगात ताजेपणा कसा टिकवावा लागतो, हे ज्ञान ग्रंथांतून येत नाही. अभिनय ही देहाने करावयाची मेहनत आहे, ही जाणीव तिच्या व्यक्तिचित्रांच्या मुळाशी आहे. शिवाय संगीतिका, प्रहसन आणि शोकांतिका यांच्यात तिने उच्चनीच भाव फारसा मानला नाही. नाट्यविद्येच्या अभ्यासात 'प्रयोग' हा स्वतंत्र विषय मानला जाण्यास विसावे शतक बरेच उलटावे लागले. त्याआधीचे जे लेखन 'गप्पाटप्पा' म्हणून बाजूस सारले गेले, त्यात लेस्लीचेही लेखन होते. समीक्षकाने तटस्थ असावे हा आग्रह योग्यच, पण ज्याने कधी रंग लावला नाही तोच तटस्थ, असा त्याचा अर्थ केव्हा आणि का झाला, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आता क्रेनविषयी. 'द रेड बॅज ऑफ करेज' (1895) या कादंबरीने प्रसिद्धीस आलेल्या क्रेनचे 1896 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एमी लेस्ली नावाच्या स्त्रीशी प्रेमसंबंध होते. त्याने तिला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. जानेवारी 1898 मध्ये तिने 550 डॉलर परत मिळावेत म्हणून त्याच्यावर दावाही केला. पुढील काळात अभ्यासकांनी ही स्त्री म्हणजे शिकागोची समीक्षक असे गृहीत धरले. त्या वेळी समीक्षक 41 वर्षांची होती, क्रेन पंचविशीचा. ती नोकरीला शिकागोत, पत्रांतील स्त्री न्यूयॉर्कमध्ये. या विसंगती कोणालाही दिसण्यासारख्या होत्या, पण नाव जुळले एवढ्यावर समाधान मानले गेले. पूर्वाश्रमीची नटी, पतीपासून विभक्त, स्वतंत्र कमाई करणारी स्त्री अशा संबंधात असणारच, हा पूर्वग्रहही या स्वीकारामागे असावा. कॅथरीन हिल्ट आणि स्टॅन्ली वर्थाइम यांनी 2000 साली उपलब्ध पुराव्याची फेरतपासणी करून क्रेनची एमी लेस्ली ही एमी ट्रॅफेगन नावाची निराळीच स्त्री होती, असे प्रतिपादन केले. दशकानुदशके एका समीक्षकाच्या नावावर दुसरीचे दुःख आणि दुसरीचा दावा जमा होत राहिला होता.

फ्रँक बकशी असलेला संबंध मात्र खराच. 1901 मध्ये शिकागोतील व्हर्जिनिया हॉटेलमध्ये बेलबॉयांचा प्रमुख असलेल्या या तरुणाशी तिने विवाह केला. ती त्याच हॉटेलात राहत असे. वयातील अंतर जवळजवळ तीन दशकांचे होते. हा विवाह पुढे घटस्फोटात संपला. बकच्या चरित्रांत हा प्रसंग गमतीदार म्हणून सांगितला जातो. या काळातही तिचे वृत्तपत्रातील लेखन सुरूच होते, याचा उल्लेख तेथे ओझरता येतो.

1930 साली लेस्ली 'डेली न्यूज'मधून निवृत्त झाली. बकचे 'ब्रिंग 'एम बॅक अलाइव्ह' हे लोकप्रिय पुस्तकही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. 3 जुलै 1939 रोजी शिकागोत तिचे निधन झाले. हिल्ट-वर्थाइम यांच्या दुरुस्तीनंतर क्रेनच्या चरित्रकारांना तिची गरज उरलेली नाही, त्यामुळे तेथील तळटीपही आता तिची नाही. चाळीस वर्षांतील तिची बहुसंख्य परीक्षणे 'डेली न्यूज'च्या जुन्या अंकांतच आहेत.