प्रेक्षक कोणाला म्हणावे?

नाटकाविषयी आपण जे लिहितो त्यात नाटककार असतो, नट असतो, दिग्दर्शक असतो. प्रेक्षक मात्र गृहीत धरलेला असतो. तो खुर्चीवर स्वस्थ बसतो, योग्य जागी हसतो, अंधारात गुपचूप डोळे पुसतो आणि शेजाऱ्याच्या आस्वादात व्यत्यय आणीत नाही. अशालाच आपण रसिक म्हणतो. या व्याख्येविषयी मला शंका येऊ लागली ती एका बंद दारापाशी.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. वय ३८. आमचे घर सीताबर्डीला. संध्याकाळी मेन रोडवर फेरीवाल्यांच्या आरोळ्या, गाड्यांचे भोंगे आणि दुकानांचे झगझगीत दिवे एकदम अंगावर आले की तो कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करतो. सकाळी सात वाजता, शटरे खाली असताना, तोच रस्ता त्याला फार आवडतो. पाट्या मोठ्याने वाचीत तो व्हरायटी चौकापर्यंत जातो. ‘स्वमग्न’ हा शब्द आता रूढ झाला आहे, पण भाषा शिकविणारा मास्तर म्हणून मला तो पटत नाही. माझा भाऊ स्वतःत बुडालेला नाही. बाहेरचे जगच त्याच्यात अनावर वेगाने शिरते. तुमचेआमचे मन जो गोंगाट नकळत गाळून टाकते, तो त्याच्यापर्यंत जसाच्या तसा पोचतो.

काही वर्षांपूर्वी मी त्याला शहरातल्या एका नाट्यगृहात नेले. नाटक विनोदी होते. पहिल्या अंकात तो मनापासून हसला. दुसऱ्या अंकात कर्ण्यांतून पार्श्वसंगीत अचानक कडाडले आणि तो कान झाकून रांगेतून ये-जा करू लागला. मागून कोणी म्हणाले, “असल्यांना घरी ठेवावं.” दारावरच्या माणसाने आम्हाला अदबीनेच बाहेर नेले. थोड्या वेळाने भाऊ बाकावरून उठला आणि बंद दाराला पाठ लावून उभा राहिला. आतले संवाद मंद होऊन येत होते. एकदा तर आत हशा पिकण्यापूर्वीच तो हसला. म्हणाला, “दादा, इथून छान ऐकू येतं.” नाटक त्याला हवेच होते, मधे दाराएवढा आडोसा हवा होता.

भरताने नाट्यशास्त्रात मध्यम आकाराचे, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, नाट्यगृह चांगले मानले आहे. कारण त्याहून मोठ्या मंडपात शब्द नीट ऐकू येत नाहीत आणि मुद्रेवरचे भाव दिसत नाहीत. म्हणजे मंडपाचे माप त्याने माणसाच्या डोळ्याकानांवरून ठरविले. याच ग्रंथात उत्तम प्रेक्षकाच्या गुणांची लांबलचक यादी आहे. इंद्रिये अविचल असणे हा त्यातलाच एक गुण. परंतु हे सगळे गुण एकाच प्रेक्षकात सापडत नाहीत, हेही भरत तेथेच सांगतो. आपण यादी तेवढी उचलली आणि ही कबुली विसरलो.

एकाग्रता ही कलेची अटच आहे, असे कोणी म्हणेल. मला ते मान्य आहे. पण एकाग्रता म्हणजे निश्चलता नव्हे. आमच्या झाडीपट्टीत मंडपात रात्रभर नाटक चालते. पोरे तेथेच झोपतात, माणसे चहाला उठून परत येतात, आणि तरी गाणे रंगते. तेथले कर्णे माझ्या भावाला सोसणार नाहीत, हे खरे. पण ये-जा आणि आस्वाद यांचे वैर नाही, एवढे त्यावरून कळते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ रोजी ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास स्वमग्न प्रेक्षकांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी झाला. धक्का देणारे आवाज कमी केले, लखलखणारे दिवे सौम्य केले, बाहेर शांत बसण्याची सोय केली. नाटक तेच राहिले.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत भाग घेण्याचा हक्कही त्यात आहे. चित्रपटगृहांसाठी मार्च २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण ती ज्यांना ऐकू येत नाही वा दिसत नाही अशांपुरती आहेत. ज्याला सोसवणार नाही इतके ऐकू येते, त्याचे काय? नागपुरात पारडीला दिव्यांगांसाठी स्पर्श आणि गंध यांची बाग असलेल्या उद्यानाची योजना २०२३ साली जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही अडतिशीतल्या पुरुषाला बागेबरोबर नाटकही हवे असते.

म्हणून नाट्यसंस्थांना माझी विनंती अशी : महिन्यातून एक प्रयोग असा करा की प्रेक्षागृहातले दिवे अर्धे चालू राहतील, ध्वनी कमी असेल, दार उघडे असेल आणि कोणी उठले तर कोणी मागे वळून पाहणार नाही. कथा काय आहे आणि मोठा आवाज कोठे होणार आहे, हे आधी कागदावर लिहून द्या. तिकीट नेहमीचेच ठेवा, दया नको. आणि समीक्षकांनीही त्या प्रयोगाला यावे, नाटकाबरोबर प्रेक्षागृहाविषयीही लिहावे.

मी दोन तिकिटे काढीन. रांगेच्या टोकाची, दाराजवळची.